एसटीने कास

आज आईला घेऊन कासला जाऊन आले. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचं मिळून एकच अर्धं तिकीट! साताऱ्याच्या स्टँडवरून निघालो, गाडी यवतेश्वरचा घाट चढली आणि खिडकीतून धुकं थेट आत.

पठार म्हणजे नुसता जांभ्याचा कातळ, वर मातीचा जेमतेम थर. त्या मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं बारीक किडे पकडून भागवतात. आई गुडघे धरून वाकली. "एवढुशी गं ही, आणि किडे खाते?" मग तिथून हलेचना. तेरडा आणि सोनकीही होती, पण आमचा सगळा वेळ त्या नखाएवढ्या जांभळ्या फुलांनी खाल्ला.

फुलांत बसून फोटो काढणारे दिसले आणि जीव तुटला. २०१२ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पायाखाली चिरडतं ते फक्त आजचं फूल नाही, पुढच्या पावसाचं बीसुद्धा. कृपा करून वाटेवरूनच बघा.

पुढे दाट झाडीतला कास तलाव. साताऱ्याला पिण्याचं पाणी इथूनच जातं, म्हणून काठावर कचरा दिसला की फार वाईट वाटतं.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.