आईअप्पा जर्मनीला, सिम बेळगावचं

आईअप्पा ताईकडे म्युनिकला निघाले. कुंद्याची मिठाई किती न्यायची यावर घरात जेवढी चर्चा झाली, त्याच्या निम्मीही फोनबद्दल झाली नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं.

अप्पांचं म्हणणं, "तिथलं सिम घालायचं, हे काढून ठेवायचं." मी साफ नाही म्हटलं. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी याच नंबरवर येतो. सिम आतच राहू दे, रोमिंग चालू, डेटा रोमिंग तेवढं बंद. बाहेरदेशी एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत, कॉल उचलला की मात्र पडतात. म्हणून सगळ्या पाहुण्यांना आधीच निरोप दिला, व्हॉट्सअ‍ॅपवरच करा. शहापूरच्या मावशीने साधा फोन केलाच!

नेटसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता डाउनलोड होणारं सिम घेतलं आणि घरच्या वायफायवरच अप्पांच्या फोनमध्ये घालून ठेवलं. आईच्या जुन्या फोनला ते चालत नाही, तिला अप्पांचा हॉटस्पॉट. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहतं. ते नंबर बदलायचा का विचारेल, तेव्हा "नाही" दाबायचं, हे आईकडून घोकून घेतलं.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. आईच्या स्क्रीनवर दोन घड्याळं लावलीत. तरी तिकडं सातला देवापुढं दिवा लावून झाला की फोन, "झोपलास काय रे?" इकडं साडेदहा.

फोनच बंद पडला तर? ताईचा नंबर, पत्ता आणि तिकडचा आपत्कालीन ११२ कागदावर लिहून दोघांच्या पासपोर्टात घातला. अप्पा म्हणाले, "मला पाठ आहे की." आईने दोन्ही कागद आपल्याच पर्समध्ये ठेवले.