तुम्ही विचारलंत म्हणून : आजोबांच्या घड्याळाचा पार्ट कुठे मिळेल?

मी जुनी घड्याळं दुरुस्त करतो हे कळलं की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो. घरात आजोबांचं किंवा पणजोबांचं खिशातलं घड्याळ आहे, ते बंद पडलंय, दुकानदार म्हणतो पार्ट येत नाही. मग तो मिळणार कुठे? सोबत डायलचा फोटो असतो. त्यावर कधी वेस्ट एंड, कधी वॉल्थम, कधी एखाद्या जुन्या दुकानाचं नुसतं नाव. दर वेळी मी तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो, आता एकदा सगळं लिहून काढतो.

पार्ट मिळतो. पण डायलवरच्या नावाने मागितलात तर बहुधा मिळत नाही. डायलवर पुष्कळदा विकणाऱ्याचं नाव असतं, आणि आतलं यंत्र बनवणारा वेगळाच असतो. वेस्ट एंड वॉच कंपनीचंच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा मुंबईत जम बसला आणि रेल्वेच्या माणसांपासून फौजेतल्या शिपायांपर्यंत तिची घड्याळं पोचली. यंत्रं मात्र स्वित्झर्लंडच्या कारखान्यांतून यायची. जुन्या कित्येक वेस्ट एंडमध्ये लाँजिन या स्विस कारखान्याचं यंत्र निघतं. ‘वेस्ट एंडचा बॅलन्स स्टाफ (बॅलन्स या पुढेमागे फिरणाऱ्या चाकाची दांडी) आहे का?’ असं विचारलं तर समोरचा मान हलवतो. लाँजिनच्या अमुक कॅलिबरचा, म्हणजे यंत्राच्या अमुक मॉडेलचा, स्टाफ म्हटलं, की तो उठून डबे उघडायला लागतो.

म्हणून पहिलं काम घड्याळ उघडण्याचं. मागचं झाकण उघडल्यावर पुष्कळदा आत आणखी एक पातळ झाकण असतं, त्याच्या खाली यंत्र दिसतं. मला फोटो त्या यंत्राचा हवा असतो. आणि नंबरही यंत्रावरचा. केसवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, नंबर लोक हौसेने पाठवतात, पण तो पुष्कळदा केस बनवणाऱ्याचा; त्याचा यंत्राशी बहुधा संबंध नसतो. वॉल्थम, एल्जिन या अमेरिकन घड्याळांच्या यंत्रावरच्या नंबरवरून मॉडेल, आकार, खड्यांची (दांड्यांची टोकं ज्यांत फिरतात त्या कठीण दगडांची) संख्या आणि साधारण साल एवढं सगळं कळतं. स्विस घड्याळात इतकी सोय नाही. तिथे कारखान्याची खूण बॅलन्सच्या खाली किंवा डायलखालच्या प्लेटवर लपलेली असते, आणि कधी ती नसतेच. मग यंत्राचा व्यास मोजायचा. स्विस लोक तो लिन्यमध्ये सांगतात; एक लिन्य म्हणजे 2.256 मिलिमीटर, म्हणजे 19 लिन्यचं यंत्र जवळजवळ 43 मिलिमीटरचं. त्यानंतर डायल काढून चावीच्या दांडीजवळचे छोटे लिव्हर आणि त्यांच्यावर बसणारी स्प्रिंग बघायची. त्या तुकड्यांचे आकार प्रत्येक कारखान्याने वेगळे ठेवले. जुन्या पार्टविक्रेत्यांच्या कॅटलॉगमध्ये यंत्र ओळखायला त्यांचीच चित्रं छापलेली असत, आणि आजही ओळख त्यावरूनच पटते.

घड्याळ कधी बनलं यावर पुढचं बरंच ठरतं. वॉल्थमच्या कारखान्याने घड्याळाचे भाग मशिनवर इतके सारखे काढायला सुरुवात केली की एका घड्याळाचा भाग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळात जाऊ लागला. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात स्विस लोकांनी ते पाहिलं आणि ते हादरले. लाँजिनचे इंजिनिअर जाक दाविद अमेरिकेत कारखाने बघून आले, आणि आपली पद्धत बदलली नाही तर धंदा जाईल असा खरमरीत अहवाल त्यांनी दिला. पुढे स्विस कारखानेही त्या वाटेने गेले. 1894 चं ओमेगा कॅलिबर, ज्याच्यावरून पुढे कंपनीचं नाव पडलं, ते याच विचाराने बनलेलं होतं. त्यामुळे तुमचं घड्याळ 1890 नंतरच्या चांगल्या कारखान्यातलं असेल तर मला आशा वाटते. त्याआधीच्या स्विस घड्याळात भाग मिळाला तरी हाताने घासून बसवावा लागतो. आणि किल्लीने चालणारं, आत बारीक साखळी असलेलं जुनं इंग्लिश घड्याळ असेल तर पार्ट शोधत फिरू नका. ते भाग त्या एका घड्याळासाठीच घडवलेले होते; नवा भागही तसाच घडवून घ्यावा लागतो.

सगळे भाग सारखे अवघड नाहीत. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, तुटली असेल तर काळजी करू नका. तिची रुंदी, जाडी, लांबी आणि शेवटचं टोक कसं अडकतं एवढं कळलं की नवी मिळते, आणि आजच्या मिश्रधातूची स्प्रिंग जुन्या निळ्या पोलादी स्प्रिंगपेक्षा टिकतेही जास्त. इथे अस्सल जुनाच भाग हवा असा हट्ट मी धरत नाही. काच दशांश मिलिमीटरच्या मापाने मिळते; फक्त पुढे झाकण असलेल्या घड्याळाला पातळ आणि कमी फुगीर काच लागते, नाहीतर झाकण लावताना ती फुटते. काट्यांना भोकाचं माप आणि लांबी दोन्ही जुळायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या काट्यांवर किंवा आकड्यांवर तपकिरी पडलेला लेप दिसला तर तो खरवडू नका. ते रेडियम असू शकतं. अंधारात चमकणं केव्हाच थांबलेलं असतं, पण किरणोत्सार शेकडो वर्षं राहतो आणि त्याची धूळ पोटात किंवा छातीत जाणं वाईट.

खरा जीव अडकतो तो बॅलन्स स्टाफमध्ये. बॅलन्सचं चाक ज्या बारीक दांडीवर फिरतं ती ही दांडी. तिची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतात आणि दोन खड्यांच्या मधे फिरतात. धक्का सोसणारी रचना 1930 च्या दशकात रुळायला लागली. त्याआधीचं घड्याळ हातातून पडलं की टोक मोडलंच. घरोघरी ‘आजोबांच्या हातून पडलं आणि बंद झालं’ असं सांगतात, त्यातल्या बहुतेक घड्याळांत हेच झालेलं असतं. कॅलिबर कळलं तर न वापरलेला जुना स्टाफ अजून सापडतो. नाही सापडला तर मोडक्या स्टाफची मापं घेऊन लेथवर नवा काढता येतो: एकूण लांबी, टोकांची जाडी, चाकाची बैठक, हेअरस्प्रिंगची (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) बैठक, खालच्या रोलरची (छोट्या चकतीची) बैठक. हे काम करणारे हात कमी उरलेत, पण आहेत. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: जुना स्टाफ कसा काढणार? रिव्हेट, म्हणजे स्टाफ चाकात पक्का करणारी ठोकलेली कड, लेथवर कापून काढतो म्हणाले तर घड्याळ द्या. पंच ठोकून बाहेर काढतो म्हणाले तर मी देणार नाही, कारण त्यात चाकाची भुजा वाकते. पितळ आणि पोलाद जोडून केलेलं, कडेला चिरलेलं जुनं चाक असेल तर ते पुन्हा सरळ करणं फार जिकिरीचं. हेअरस्प्रिंगच गुंतली किंवा तुटली असेल तर मात्र सुटी स्प्रिंग शोधण्यापेक्षा त्याच कॅलिबरचा, स्वतःच्या स्प्रिंगसकट पूर्ण बॅलन्स शोधावा. दोघांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते.

आता जागा. मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि परदेशी भागांसाठी ईबे. बाजारात मी पार्ट मागत नाही, बंद पडलेली यंत्रं मागतो. केस चांदीची म्हणून वितळवायला गेलेली आणि यंत्र तेवढं उरलेलं, अशी कितीतरी मिळतात. त्याच कॅलिबरचं असं यंत्र हाती लागलं तर एकदम दहा-बारा भागांची सोय होते. घेताना बॅलन्स आणि डायलच्या बाजूची जोडणी नीट बघून घ्या, कारण ते भाग आधीच कुणीतरी काढून नेलेले असतात. एक गोष्ट मी करत नाही: चालू असलेलं, केससकट पूर्ण घड्याळ पार्टसाठी फोडत नाही, कितीही स्वस्त मिळो. एका घराची आठवण चालू करायला दुसरं घड्याळ कायमचं मारणं मला पटत नाही.

आणि रंगवलेल्या डायलचं घड्याळ घेऊन ‘पार्टला होईल’ म्हणून फसू नका. चार घड्याळांचे तुकडे जोडून, डायल नव्याने छापून विकलेल्या आपल्याकडच्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव ऐकलं की मला वाईट वाटतं. याच शहरात स्विस घड्याळांची उत्तम दुरुस्ती करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले.

त्या कारागिरांकडेच सगळ्यात चांगला साठा होता आणि अजून थोडा आहे. तालुक्याच्या गावात बाजारपेठेत एखादं घड्याळाचं जुनं दुकान असतं. काउंटरच्या खाली काचेच्या नळ्या, छोट्या पत्र्याच्या डब्या, त्यांवर शाईने लिहिलेले कॅलिबरचे आकडे. मोठ्या घड्याळजींनंतर मुलं दुकान बदलतात, आणि कशाचं काय ते न कळल्याने डब्या रिकाम्या करून पितळ-लोखंड किलोवर जातं. तुमच्या घरी, नात्यात, ओळखीत कुणी घड्याळजी होते का? असतील तर ते ड्रॉवर विकण्याआधी चिठ्ठ्यांसकट फोटो काढून मला पाठवा. भाग लेबलपासून वेगळे करू नका. लेबल गेलं की त्या बारीक दांड्यांमधली कोणती कशाची हे सांगणं जवळजवळ अशक्य होतं. मी फोटो बघून कॅलिबर ओळखून देईन, आणि ज्यांनी मला विचारलंय त्यांच्या यादीशी ते पडताळून बघेन.