आईची 'गावरान' भेंडी

आईच्या लेखी भेंडीच्या दोनच जाती. एक हायब्रीड, म्हणजे पुण्याच्या मंडईतली, पाणचट. दुसरी गावरान, म्हणजे आमची परभणीकडची 'क्रांती'. दोन वर्षांमागे दिवाळीला तिनं चिंधीत बांधलेलं बी माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "आई, ही कसली गावरान? हिचा एक पूर्वज आफ्रिकेतला, घानाकडचा."

"काहीबी सांगू नको," म्हणत ती चहा टाकायला गेली.

पण आहे तसंच. माझ्या लहानपणी आबा 'पुसा सावनी' लावायचे. कोवळी, टोपल्या भरून निघणारी भेंडी. मग हळद्या रोग पडायचा. आधी पानाच्या शिरा पिवळ्या, मग सगळं पान, शेवटी शेंगसुद्धा पिवळट. असला माल आडत्यानं हातात घेतला तरी नशीब! विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतो, फवारून फवारून किती फवारणार? तेव्हा मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी सावनीचा संकर भेंडीच्या आफ्रिकी भाऊबंदाशी केला. त्याला हळद्या होत नव्हता. त्यातून १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' आली.

हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. म्हणून मागच्या पावसाळ्यात गच्चीवर क्रांतीशेजारी मुळशीकडून आणलेली रानभेंडी लावली. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची. ब्लेडनं निदलाला, म्हणजे कळीच्या हिरव्या आवरणाला, गोल चीर देऊन पाकळ्यांसकट टोपी काढायची. आत मधल्या दांड्याला पुंकेसर चिकटलेले असतात, ते चिमट्यानं एकेक खरवडायचे. वर मखमली जांभळट कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, उरते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. मग बटरपेपरची पिशवी. सकाळी रानभेंडीचं ताजं फूल खुडून त्या कुक्षीवर फिरवायचं. परागकण इतके मोठे की चष्मा लावून मोजावेत. माझ्या पहिल्या पाच कळ्या गळाल्या, कारण चीर खोल गेली. आईला फोनवर सांगितलं तर हसून म्हणाली, "भेंडीचं लगीन लावतीस व्हय?"

दोन शेंगा धरल्या. त्यांचं बी यंदा जूनमध्ये पेरलं. झाडं माझ्याहून उंच, खोडं मनगटाएवढी, फुलंच फुलं. शेंगा मात्र आखूड, कुसळ असं की हात खाजतो, आणि फोडल्या तर आत फोलपटं. खेचरासारखंच. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या लागत नाहीत, म्हणून अंगात ताकद असूनही वंश पुढे जात नाही.

खरी मेहनत इथून पुढची. दूरच्या नात्यातला गुण उचलायचा म्हणजे त्याच्याबरोबर कुसळ, वांझपणा, सगळंच घरात येतं. मग ती संतती, जेवढी फळेल तेवढी, पुन्हा भेंडीशी लावायची. पहिल्या पिढीत रानाचा वाटा आठ आणे, मग चार, मग दोन. दर वेळी हळद्या न होणारं झाड तेवढं ठेवायचं, बाकी उपटायचं. आमच्या मास्तरांचं एक वाक्य होतं, "संकर एका सकाळचा, उपटणं दहा वर्षांचं."

यात आईचीही बाजू खरी आहे, हे मला उशिरा कळलं. पाकिटातलं हायब्रीड बी दर हंगामाला नवं घ्यावं लागतं, घरचं धरलं तर पुढच्या पिढीत रंग-रूप फुटतं. क्रांती निवडून निवडून स्थिर केलेलं सरळ वाण आहे. म्हणून तर तिचं बी चिंधीत बांधून पुण्याला येऊ शकतं. आता तिच्यावरही हळद्या दिसतो, विषाणू काही बसून राहिलेला नाही. आई तो माझ्या पाण्याचा दोष मानते.

परवा ती आली. वाळलेल्या शेंगा फोडत बसली होती. फोलपटांच्या ढिगातून तीन टपोरे दाणे वेगळे काढले, नखानं दाबून पाहिले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आबाच्या पट्टीत लावून बघते. गावरान दिसतंय."