ताप गेला, मग २१ दिवस कशाला?

"ताप पाचव्या दिवशी उतरला आहे. पाठीतल्या पाण्याचे कल्चर (जंतू वाढतो का, ही तपासणी) निगेटिव्ह आहे. त्यापुढील भरतीची वैद्यकीय गरज सिद्ध करा." टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था, तिच्या इंग्रजी क्वेरीचा हा मराठी मथितार्थ. लेक आता सात महिन्यांची झाली, टेकून बसते, पण ही वाक्यं आठवली की माझं डोकं अजून फिरतं.

आजाराचं थोडक्यात सांगतो. जन्मानंतर नवव्या दिवशी तिने दूध ओढणं सोडलं. आमची आई म्हणाली, "झोपाळू आहे, बापावर गेलीय." संध्याकाळी पाय गार पडले, रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक आणि टोकदार झालं, टाळू टम्म. ताप त्यानंतर आला, तोही फणफणून नाही. मान आखडायची वाट बघू नका, इतक्या लहान बाळाची ती बहुतेक वेळा आखडतच नाही.

अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं, मात्र दोन डोस गेल्यावर काढलं, कारण आधी तिचा श्वास सावरत नव्हता. त्यात पाऊण तास माझ्या सहीने खाल्ला. कण्यात सुई म्हणजे पाय गेले, एवढंच डोक्यात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात, हे डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं, तेव्हा सही केली. पाणी गढूळ निघालं. पेशी ८५०, म्हणजे फार जास्त, आणि साखर १८, म्हणजे फार कमी. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचा जंतू वाढला, पाण्याच्या कल्चरमध्ये काहीच नाही. औषध आधी गेल्यावर असं होतं. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज, शिरेतून २१ दिवस अँटिबायोटिक.

कॅशलेस सात दिवसांपुरतं मंजूर झालं आणि तिथेच थांबलं. डिस्चार्जला बायकोच्या आईच्या बांगड्या आणि माझा पीएफ, असं करून बिल भरलं आणि रिइम्बर्समेंटला फाइल टाकली. पुढचे तीन महिने तीच क्वेरी. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी मी "बाळ नऊ दिवसांचं होतं" इथून सुरू. हॉस्पिटलने पत्र दिलं, त्यात एकच ओळ : प्रोटोकॉलप्रमाणे २१ दिवस उपचार दिले. क्वेरी परत. मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ग्राहकाच्या तक्रारीला "कार्यपद्धतीनुसार" असं उत्तर मी पाठवलं तर साहेब कागद तोंडावर फेकतील. कारण लिहावं लागतं.

म्हणून एका शनिवारी ओपीडी संपेपर्यंत बसलो आणि मॅडमना म्हटलं, मला आधी समजावा, मग पत्राचं बघू. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर चित्र काढलं.

जंतू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरला की त्याला मोकळं रान मिळतं. रक्तात असतो तसा बंदोबस्त तिथे नाही, आणि नवजात बाळाची फौज आधीच कच्ची. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. मेंदूच्या पहारेकरी पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, ते टीएलआर-४ नावाच्या रिसेप्टरने ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सोडतात. हा भोंगा. तो वाजला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी सैल होते, पाणी झिरपतं, सूज येते, दाब वाढतो. टाळू टम्म झाली ती यानेच. बरंचसं नुकसान जंतूपेक्षा या धावपळीतच होतं. त्यात औषधाने जंतू फुटला की आवरणाचे तुकडे आणखी पसरतात. मग सुजेवर स्टिरॉइड का नाही दिलं, हा माझा प्रश्न. नवजात बाळांत ते सरसकट देत नाहीत, म्हणाल्या.

खरी गोम पुढे होती. गाळणी सैल असते तोवर औषध आत बरं पोचतं. सूज उतरायला लागली की तेच दार पुन्हा मिटायला लागतं. म्हणजे बाळ बरं दिसायला लागतं तेव्हाच औषध आत जाणं अवघड होतं, आणि हे जंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत दडून बसू शकतात. म्हणून डोस उतरवायचा नाही, तोंडाने औषध द्यायचं नाही, मध्येच घरी न्यायचं नाही. ताप पाचव्या दिवशी गेला म्हणून विचारणाऱ्याला याहून सरळ उत्तर काय द्यायचं? मला तर तिथेच टेबलावर हात आपटावासा वाटला.

बोलता बोलता त्यांनी फाइल चाळली आणि दहाव्या दिवशी पुन्हा काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट सापडला. पेशी अजून २१०, म्हणजे ताप गेला तरी आतली सूज गेलेली नव्हती. तीन महिने हा कागद हॉस्पिटलच्या फाइलमध्ये होता, माझ्या क्लेममध्ये नव्हता! डिस्चार्ज कार्डासोबत मधले रिपोर्ट आपसूक मिळत नाहीत, मागून घ्या. सगळे. तारखेनुसार.

अर्ध्या पानाचं नवं पत्र आणि तो रिपोर्ट जोडला. कंपनीच्या तक्रार विभागाला वेगळा मेल केला आणि महिनाभरात उत्तर नाही आलं तर नारायण पेठेत विमा लोकपालांकडे जाईन असं लिहिलं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण आधी कंपनीला महिना द्यावा लागतो. जायची वेळ आली नाही. एकोणिसाव्या दिवशी पैसे जमा, हातमोजे आणि डायपरचे कापून.

हो, एक राहिलं. हॉस्पिटलच्या कागदांवर "बेबी ऑफ" आणि बायकोचं नाव असतं, जन्मदाखल्यावर नंतर बाळाचं नाव येतं, त्यावरूनही एक क्वेरी आली होती. दाखल्यात नाव १२ महिन्यांच्या आत फुकट घालता येतं. आम्ही घाई केली.

या आजारात कानाला धक्का बसू शकतो म्हणून श्रवणाची बेरा चाचणी करतात. पहिली चांगली आली. दुसरी पुढच्या गुरुवारी. त्या वेळी बाळ गाढ झोपलेलं लागतं, आणि आमची कारटी रिक्षात बसली की टक्क जागी.