दोन बोटांच्या बधिरपणापासून माझ्या मापाच्या सायकलीपर्यंत

पहिली 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, मी साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुर्त्याची बटणे लावता येईनात. दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर झाली होती, आणि तो बधिरपणा पुरता जायला दहा दिवस लागले. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जी अल्नर नस जाते, तिच्यावर तासन्‌तास दाब पडल्याने असे होते, हे मला डॉक्टरांकडून कळले. पायांत बळ होते, दमही टिकला होता. तरी 300 किलोमीटरला उतरायचे तर सायकल बदलावी लागणार, हे त्या दहा दिवसांत स्पष्ट झाले.

माझी जुनी सायकल सरळ हॅन्डलची हायब्रिड होती. फोंड्याहून साखळीपर्यंत जाऊन यायला ती उत्तम, पण सरळ हॅन्डलवर हात ठेवायला एकच जागा असते आणि दहा-बारा तास सगळा भार त्या एकाच जागी पडत राहतो. वळणदार ड्रॉप हॅन्डलवर मात्र वरची आडवी पट्टी, ब्रेकचे हूड (ब्रेकच्या दांड्यांवरचे रबरी उंचवटे) आणि खालचा बाक अशा तीन जागा मिळतात. त्यामुळे ड्रॉप हॅन्डल घ्यायचे, एवढे प्रथम ठरले.

इथे माझी पहिली चूक झाली असती. एका दुकानात मला 54 साइजची रेसिंग सायकल दाखवण्यात आली. माझी उंची 163 सेंटिमीटर आहे, हे सांगूनही "ताई, सीट खाली केली की बसेल" असे उत्तर मिळाले. दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या तेव्हा ती खरोखरच छान वाटली, कारण पाच मिनिटांत कोणतीही सायकल छानच वाटते. मी तासाभराची फेरी मागितली, ती नाकारण्यात आली, आणि मी परत फिरले.

घरी आल्यावर कंपन्यांच्या तक्त्यांतील दोन आकडे नीट समजून घेतले. पेडलचे दांडे ज्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून फ्रेमचे पुढचे नळकांडे किती उंच आहे तो स्टॅक, आणि आडवे किती पुढे आहे तो रीच. त्या रेसिंग सायकलीचा रीच 384 मिलिमीटर होता. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, ज्यांना एन्ड्युरन्स म्हणतात, त्यांपैकी 50 साइजच्या एका फ्रेमचा 368. शिवाय हॅन्डलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, पहिलीचा 100 मिलिमीटरचा, दुसरीचा 80 चा. म्हणजे हॅन्डल जवळपास साडेतीन सेंटिमीटर अलीकडे येणार होते. सीट खाली करून हे अंतर भरून निघत नाही. लांब फ्रेमवर धड ताणले जाते, कोपरे ताठ होतात आणि अंगाचा भार तळहातांवर उतरतो. माझ्या बोटांना नेमके तेच नको होते.

सीटच्या बाबतीतही माझी समजूत उलटी होती. जुन्या सायकलीवर मी मुद्दाम मऊ जेलची सीट बसवली होती. मऊ सीटमध्ये बैठकीची दोन हाडे रुतत जातात आणि मधल्या नाजूक भागावर दाब वाढतो, हे मला म्हापशातील एका अनुभवी मेकॅनिककाकांनी समजावले. "बाय, पुठ्ठ्यार बस," एवढेच ते म्हणाले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवून, गुडघे थोडे वर घेऊन मी त्यावर बसले आणि उठल्यावर तिरप्या उजेडात दोन अंडाकृती खळगे स्पष्ट दिसले. त्यांच्या मध्यांतील अंतर 130 मिलिमीटर भरले. त्यावरून 155 मिलिमीटर रुंदीची, घट्ट आणि मधे खाच असलेली सीट घेतली. ती पहिल्या आठवड्यात टोचली, नंतर ती आहे हे जाणवेनासे झाले.

फ्रेमच्या धातूवर मी फार वेळ घालवला नाही. स्टील मला आवडते, पण समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता ॲल्युमिनियम घेतले. आरामाचा मोठा भाग टायरमध्येच असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. जुन्या 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये मी 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरत असे. आता 32 मिलिमीटरचे टायर 60 वर चालवते. चोर्ला घाटाच्या खडबडीत पट्ट्यांवर पूर्वी प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोहोचायचा, आता तो टायरमध्येच जिरतो. गिअर मात्र आग्रहाने मागून घेतले: पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या, मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच), कारण दमलेल्या पायांनी घाट चढताना हलका गिअर हाच खरा आराम असतो.

सायकल घेतल्यावर काकांनी पायाच्या आतल्या बाजूचे माप घेतले, 76 सेंटिमीटर, त्याला 0.883 ने गुणून धुरीच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची 67.1 ठरवली. हॅन्डल 42 ऐवजी 40 सेंटिमीटर रुंदीचे बसवले. माझी बोटे आखूड असल्याने ब्रेकच्या दांड्यांचा छोटा स्क्रू फिरवून त्या जवळ आणल्या. ही गोष्ट दुकानात कोणीच सांगत नाही, आणि उतारावर जीव त्याच दांड्यांवर असतो.

300 ची मुदत 20 तासांची असते. मी 18 तास 20 मिनिटांत पोहोचले आणि शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर माझी सही नेहमीसारखी आली. फक्त 260 किलोमीटरनंतर उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला होता, जे बहुधा सीट किंचित खाली असल्याचे लक्षण. काकांनी ती 4 मिलिमीटरने वर केली आहे. 400 च्या आधी एक रविवार मडगावहून करमलघाट चढून काणकोणला जायचे आणि तोच गुडघा काय म्हणतो ते पाहायचे, असे ठरले आहे.