पिशवी दाराच्या खिळ्याला
ऑफिसातून परस्पर मंडईत गेलो आणि पिशवी घरीच. भाजीवाल्या मावशींना म्हटलं, "एखादी कॅरीबॅग द्या की." त्या म्हणाल्या, "५,००० रुपयांची पावती फाडतात दादा, तुम्ही भरणार का?" गप्प बसलो. राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ च्या जूनपासून दंड सुरू आहे, म्हणजे सवयीला वेळ मिळाला नाही असंही म्हणता येईना. टोमॅटो डब्याच्या पिशवीत, मेथी काखेत, मिरच्या शर्टाच्या खिशात. (कोथिंबीर हेल्मेटमध्ये. हसू नका.)

आई जुन्या पँटच्या पायांच्या पिशव्या शिवायची. त्या घेऊन बाजारात जायची मला भयंकर लाज वाटायची. आज त्यातलीच एक शोधून स्कूटरच्या डिकीत टाकली. बायको म्हणाली, "मासळीला दुसरी ने हं!"