हेल्म-प्रोजेक्टाइलची एक ओळ आणि अडून बसलेला ईमॅक्स : माझा अनुभव

ईमॅक्स या मजकूर संपादकात वर्षानुवर्षे साठलेली, वापरात नसलेली पॅकेजे, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, काढून टाकणे हे काम मुळात सोपे आहे, असे मी आजही म्हणेन. मात्र एका जागी ते असे अडते की माणसाचा संयम सुटतो, आणि ती जागा कोणती हे कुठे ठळकपणे लिहिलेले मला आढळले नाही. म्हणून मुख्यतः त्या एका जागेविषयीच लिहितो.

मी दारव्हा तालुक्यातील एका गावात शेती करतो. शेतीचा हिशेब ऑर्ग-मोड या ईमॅक्समधील टिपणे ठेवण्याच्या सोयीच्या तक्त्यांमध्ये ठेवतो आणि मराठीतील थोडेबहुत लेखनही ईमॅक्समध्येच करतो. लॅपटॉप जुना आहे. त्यावरील डेबियन या लिनक्स प्रणालीची १२वी आवृत्ती बदलून १३वी घेतली, तेव्हा ईमॅक्स २८.२ जाऊन ३०.१ आला. पूर्वी वेगळ्या उतरवून घ्याव्या लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आता त्यात अंगभूत आहेत: पॅकेजांची मांडणी लिहिण्यासाठीचे यूज-पॅकेज आणि कोड लिहिताना मदत करणारे एग्लॉट २०२३ मध्ये आलेल्या २९व्या आवृत्तीपासून, तर पुढच्या कळा सुचवणारे व्हिच-की ३०व्या आवृत्तीपासून. साफसफाईला यापेक्षा चांगले निमित्त नव्हते. पॅकेजांची यादी उघडली, नको त्यांच्यापुढे ‘डी’ दाबून खूण केली, ‘एक्स’ दाबले आणि ती गेली. इतके काम खरोखरच एका बैठकीत झाले.

दुसऱ्या दिवशी ईमॅक्स उघडला, तेव्हा खालच्या पट्टीत ‘कॉन्टॅक्टिंग होस्ट : मेल्पा.ऑर्ग’ अशी ओळ आली आणि तिथेच थांबली. मेल्पा म्हणजे पॅकेजे जिथून उतरतात ते भांडार. पांढरी खिडकी, स्थिर ओळ, आणि कळ दाबली तरी प्रतिसाद नाही. आमच्याकडे नेटवर्क पूर्ण नसते तेव्हा उलट बरे असते, कारण जोडणीच होत नाही आणि ईमॅक्स चूक दाखवून पुढे सरकतो. रेंजची एकच काडी असते तेव्हा मात्र सर्व्हरशी जोडणी होते, माहिती येत नाही, आणि ईमॅक्स तिची वाट पाहत राहतो. कंट्रोल-जी दाबले की हे थांबते खरे, पण त्याबरोबर इनिट फाइलचे, म्हणजे ईमॅक्स उघडताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाइलचे, वाचनही तिथेच तुटते. देवनागरी फॉन्ट आणि मराठी टंकनाची पद्धत ठरवणाऱ्या माझ्या ओळी फाइलच्या शेवटी आहेत. त्या वाचल्याच जात नसत.

हे ऐन वेचणीच्या हंगामात घडत होते. संध्याकाळी कापूस मोजला जातो, वेचणाऱ्या बाया काट्याजवळ उभ्या असतात, प्रत्येकीचे किलो त्याच वेळी लिहून मजुरी सांगायची असते आणि नेमकी तेव्हाच लाइन गेलेली असते. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईने माझ्या संपादकाला सर्व्हर सापडेपर्यंत थांबावे, हे मला मुळीच मान्य नाही. मजकूर लिहिण्याचे साधन उघडण्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाकडे विचारणा का करावी, हा प्रश्न मला त्या दिवसांत रोज पडत असे.

नेटवर्क चांगले असलेल्या सकाळी तर आणखी विचित्र प्रकार दिसे. ईमॅक्स सुरळीत उघडे, पण काढलेली हेल्म (यादीतून निवड करण्याचे) आणि प्रोजेक्टाइल (प्रकल्पाच्या फाइली हाताळण्याचे) ही दोन्ही पॅकेजे यादीत परत आलेली असत. पुन्हा काढली की पुन्हा येत. इनिट फाइलमध्ये त्या दोन्ही नावांची एकही ओळ शिल्लक नव्हती, हे मी खात्रीने पाहिले होते.

धागा सापडला तो यादीतील स्थितीच्या रकान्यात. तिथे हेल्म आणि प्रोजेक्टाइल यांच्यापुढे ‘डिपेंडन्सी’ असे होते, म्हणजे ती स्वतःहून आलेली नव्हती, त्यांना कोणीतरी ओढून आणले होते. मग डिस्क्राइब-पॅकेज ही आज्ञा देऊन प्रोजेक्टाइलचे पान उघडले. त्यात ‘रिक्वायर्ड बाय’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे त्या दोघांना जोडणाऱ्या हेल्म-प्रोजेक्टाइल या पॅकेजचे तिसरे नाव होते. या नावाचा शोध मी मांडणीच्या सगळ्या फाइलींमध्ये घेतला, तेव्हा लिस्प नावाच्या उपफोल्डरातील एका जुन्या फाइलमध्ये ते सापडले. तिथे यूज-पॅकेजच्या ओळीत ‘आफ्टर’ लिहून हेल्म आणि प्रोजेक्टाइल लोड झाल्यावरच हे लोड व्हावे, अशी अट घातलेली होती.

आता ही दोन्ही नसताना ती ओळ मृत असायला हवी, असे कोणालाही वाटेल. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर एका वाक्यात उलगडा केला: “मामा, आफ्टरने फक्त लोड होणे थांबते, एन्शुअर थांबत नाही.” माझ्या मांडणीत ‘यूज-पॅकेज-ऑलवेज-एन्शुअर’ सुरू होते. ते सुरू असले की यूज-पॅकेजची प्रत्येक ओळ वाचताना ते पॅकेज संगणकावर आहे का, हे ईमॅक्स तपासतो, आणि नसेल तर लगेच ते आणायला निघतो. जवळची यादी वाचलेली नसेल, तर आधी मेल्पावरील पाच हजारांहून अधिक पॅकेजांची अख्खी यादी उतरवू लागतो. पॅकेज पुढे लोड होणार आहे की नाही, याच्याशी त्या तपासणीचा संबंध नसतो. लोड होणे लांबवणारे ‘डिफर’ लिहिले तरी हेच होते. ओळ ठेवून पॅकेज खरोखर बाजूला करायचे असेल तर ‘डिसेबल्ड’ लिहावे, त्याने एन्शुअरही थांबते. मी मात्र ती ओळच काढली, ऑलवेज-एन्शुअर बंद केले आणि मग तिन्ही पॅकेजे एकत्र काढली. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ईमॅक्स उघडला आणि तो तत्काळ उघडला, तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही.

त्यामुळे माझा आग्रहाचा सल्ला असा की पॅकेज काढण्याआधी मांडणीतील त्याची ओळ काढावी, आणि प्रत्येक फेरीनंतर ईमॅक्स नेटवर्क बंद करून उघडून पाहावा. शहरातल्या वेगवान जोडणीवर हा दोष महिनोन्महिने लक्षातही येत नाही, पण तो असतोच.

सुरुवातीला सांगायचे राहिले, ते आता सांगतो. काहीही काढण्यापूर्वी ईमॅक्सची संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावी, विशेषतः आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे पॅकेज पुन्हा उतरवणे हे एक वेगळेच काम असते. तसेच ‘ईमॅक्स -क्यू’ (इंग्रजी मोठा क्यू) असे लिहून एकदा कोरा ईमॅक्स अवश्य उघडावा. त्यात कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून देवनागरी-इनस्क्रिप्ट निवडले की कोणत्याही पॅकेजविना मराठी लिहिता येते. ऑर्गचे तक्ते आणि त्यांतील बेरजाही चालतात. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे त्या कोऱ्या खिडकीत जितके कळते तितके यादी वाचून कळत नाही.

अंगभूत झालेल्या पॅकेजांची जुनी प्रत मात्र आठवणीने काढावी. मेल्पा आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून देते, म्हणजे तो २०२४ सारख्या वर्षाने सुरू होतो, तर अंगभूत व्हिच-कीचा क्रमांक ३ ने सुरू होतो. ईमॅक्स मोठा क्रमांक नवा समजतो, म्हणून जुनी उतरवलेली प्रतच वापरात राहते आणि सोबत आलेली नवी तशीच पडून राहते.

कोणालाच न लागणारी पॅकेजे एकदम काढणारी ‘पॅकेज-ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा उपयोगी आहे, पण ती ‘पॅकेज-सिलेक्टेड-पॅकेजेस’ या, आपण स्वतः निवडलेल्या पॅकेजांच्या यादीवर विसंबून चालते. ती यादी वेगळ्या कस्टम फाइलमध्ये असेल आणि ती फाइल लोड होत नसेल, तर आपली लाडकी पॅकेजेही तिला निरुपयोगी वाटतात. म्हणून ती दाखवते ती नावे शेवटपर्यंत वाचावीत आणि मगच होकार द्यावा. मी मॅगिट त्या यादीत आहे ना, हे आधी पाहिले, कारण हिशेबाच्या फाइलींचा इतिहास मी त्यानेच सांभाळतो आणि ते मला काढायचे नव्हते.

उरलेली पॅकेजे जुन्या ईमॅक्सवर कंपाइल झालेली असतात. त्यांच्यासाठी शेवटी ‘पॅकेज-रीकंपाइल-ऑल’ ही आज्ञा एकदा द्यावी. ती २९व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि तिला नेटवर्क लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर तिला वेळ लागतो, म्हणून चार्जर लावून आणि लाइन असतानाच ती चालवावी.